परत की हवाली? जपान-रशियाच्या चार बेटांचं त्रांगडं

प्रश्न असा आलाय की जपान आणि रशियात दुसऱ्या महायुद्धाचा शांतता करार अजून झालेलाच नाही हे खरं का, आणि खरं असेल तर चार बारक्या बेटांपायी एवढे दोन मोठे देश अडून का बसलेत, रशिया दोन बेटं द्यायला तयार होता म्हणतात तर जपानने ती घेऊन विषय मिटवला का नाही.

मी बावीस-तेवीस वर्षं जपानी दुभाष्याचं आणि कागदपत्रं भाषांतर करायचं काम करतोय, जास्त करून शिपिंग, गॅस, विमा असल्या फाइली. जपानीच्या आधी पुण्यात दोन वर्षं रशियनही शिकलो होतो, बोलण्यात आता गंज चढलाय पण कागद वाचता येतो. त्यामुळे या वादाकडे मी नकाशापेक्षा कागदाच्या बाजूने जास्त बघतो आणि माझं मत असं झालंय की हे भांडण जमिनीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, क्रियापदांचं आहे. ते कसं ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे, हो, खरं आहे. १९५६ मध्ये दोघांनी एक संयुक्त घोषणापत्र केलं, त्याने युद्धाची अवस्था संपली, वकिलाती सुरू झाल्या, पण शांतता करार म्हणून जो असतो आणि ज्यात सरहद्द कुठून जाते ते लिहिलेलं असतं तो आजपर्यंत नाही.

आता बेटं. होक्काइदोच्या ईशान्येला एतोरोफू, कुनाशिरी, शिकोतान आणि हाबोमाई नावाचा छोट्या बेटांचा पुंजका. रशियन लोक पहिल्या दोघांना इतुरुप आणि कुनाशिर म्हणतात, शिकोतान दोघांकडे शिकोतानच, आणि हाबोमाईला त्यांच्याकडे वेगळं नावच नाही, शिकोतानसकट त्या सगळ्या रांगेला ते छोटी कुरिल रांग म्हणतात. चारी मिळून साधारण ५,००० चौरस किलोमीटर. बारकी म्हणालात म्हणून सांगतो, एकटं एतोरोफू गोव्यापेक्षा थोडंच लहान आहे. पण शिकोतान आणि हाबोमाई एकत्र केले तरी एकूण जमिनीच्या जेमतेम ७ टक्के होतात, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं गाडं इथेच अडतं.

आणि अंतर म्हणाल तर नेमुरो गावाच्या टोकाला नोसाप्पू म्हणून भूशिर आहे, तिथून हाबोमाईतलं सगळ्यात जवळचं काइगारा बेट फक्त ३.७ किलोमीटरवर. आपलं गेटवेवरून घारापुरी दहा-एक किलोमीटर धरलं तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. मी एकदा कामासाठी कुशिरोला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेलो, उघड्या डोळ्यांनी पलीकडचं दीपगृह दिसतं, जपान्यांनीच युद्धाआधी बांधलेलं. गंमत म्हणजे त्याच नेमुरोत एकीकडे बेटं परत द्या असे मोठाले फलक आणि दुसरीकडे रस्त्यांच्या पाट्या रशियनमध्ये, कारण खेकडे घेऊन रशियन बोटी याच बंदरात यायच्या आणि खलाशी इथेच बाजारहाट करायचे. भांडण आणि धंदा एकाच गल्लीत, हे आपल्याला काही नवीन नाही.

नावांवरून आठवलं, माझ्याकडे एकदा जहाजाच्या विम्याचा कागद आला होता, त्यात बंदराचं नाव युझ्नो-कुरिल्स्क असं होतं, मी तसंच ठेवलं तर जपानी पार्टीने लाल शाई मारून परत पाठवला, त्यांना त्याच गावाचं जुनं नाव फुरुकामाप्पू हवं होतं. तसं लिहिल्यावर रशियन बाजू म्हणे असं कुठलं बंदर आमच्याकडे नाही. शेवटी अक्षांश-रेखांश टाकून सुटका करून घेतली. जपानी नकाशा बघितलात तर ही चार बेटं जपानच्याच रंगात, देशाचं उत्तर टोक एतोरोफूवर, तिथली सहा गावं कागदोपत्री अजून होक्काइदोतली, आणि त्याच्या वरची उरलेली कुरिल बेटं व दक्षिण साखालीन चक्क पांढरं सोडलेलं, म्हणजे आमचं नाही पण कोणाचं तेही ठरलेलं नाही. १९८३ पासून तर जपानी माणसाला आपल्या कौटुंबिक नोंदीचा मूळ पत्ता या बेटांवरचा लावता येतो, नोंद नेमुरोची नगरपालिका करते. आपल्या भाषेत, सातबारा एकाने आपल्याच नावावर लिहून ठेवलाय आणि वहिवाट दुसऱ्याची चालू आहे.

मुळात ही ना यांची ना त्यांची. नावं बघा, एतोरोफू, कुनाशिरी, शिकोतान, सगळी आयनू भाषेतली. आयनू लोक तिथे राहायचे, रशियन वरून आले आणि जपानी खालून आले आणि दोघांनी मध्ये रेष मारली. १८८४ मध्ये जपान सरकारने अगदी उत्तरेकडच्या शुमशूवरच्या जवळपास शंभर आयनूंना उचलून शिकोतानवर आणून टाकलं, रशियाच्या शेजारी नकोत म्हणून, त्यातले बरेच थोड्याच वर्षांत वारले. आज दोन्ही सरकारं ऐतिहासिक हक्क म्हणतात तेव्हा मला हे शंभर लोक आठवतात, असो.

पहिली रेष १८५५ ची, शिमोदाचा तह, ७ फेब्रुवारी. म्हणूनच जपानमध्ये १९८१ पासून ७ फेब्रुवारी हा उत्तरी प्रदेश दिन. ती बोलणी चालू असताना भूकंप होऊन त्सुनामी आली, रशियन दूत पुत्यातिनची दियाना बोट मोडली, नंतर बुडाली, मग हेदा नावाच्या गावात जपानी सुतारांनी आणि रशियन खलाश्यांनी मिळून नवीन बोट बांधली आणि तिला गावाचंच नाव दिलं. भांडणाची सुरुवात इतकी गोड क्वचितच असते. तहात ठरलं की एतोरोफू जपानचं, त्याच्या वरचं उरुप रशियाचं, साखालीन तूर्त दोघांचं मिळून.

आता पहिली भाषांतराची मेख. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती म्हणून बोलणी डच भाषेत झाली. डच मजकुरात साधारण असं आहे की उरुप आणि त्याच्या उत्तरेकडची 'इतर' कुरिल बेटं रशियाची. जपानी मजकुरात तो 'इतर' शब्द गळला, उरलं काय, तर उरुप आणि तिथून उत्तरेकडची कुरिल बेटं. आता 'इतर कुरिल' म्हटलं की एतोरोफू-कुनाशिरीही कुरिलच ठरतात, 'इतर' काढलं की कुरिल सुरूच उरुपपासून होतात! शंभर वर्षांनी जपान सरकारने नेमका हाच अर्थ पकडून सांगितलं की आम्ही कुरिल सोडली हो, पण ही चार कुरिलमध्ये येतच नाहीत. एका गळलेल्या शब्दावर केवढी इमारत. जपानमधल्याच एका भाषातज्ज्ञाने हे दाखवून दिलंय, मी काही शोध लावलेला नाही, पण दर वेळी कागद तपासताना मला हा किस्सा आठवून घाम फुटतो.

मग १८७५ ला अदलाबदल, साखालीन पूर्ण रशियाला आणि सगळी कुरिल जपानला, शांततेत, एक गोळी न झाडता. (मध्येच एक किस्सा, १८९१ ला रशियाचा युवराज निकोलाय जपान फिरायला गेला असताना ओत्सू गावी बंदोबस्तावरच्या पोलिसानेच त्याच्यावर तलवार चालवली, डोक्याला जखम घेऊन वाचला. त्याच सफरीत काही महिने आधी तो मुंबईतही उतरून गेला होता.) १९०४-०५ ला युद्ध झालं, त्सुशिमाला रशियन आरमार बुडालं, पोर्ट्समथच्या तहात ५० अक्षांशाखालचं साखालीन जपानला मिळालं. आशियातल्या देशाने युरोपातल्या सत्तेला हरवलं म्हणून आपल्याकडेही स्वदेशीच्या त्या दिवसांत लोकांना केवढा हुरूप आला होता. रशियाला मात्र ते चाळीस वर्षं टोचत राहिलं, आणि स्टालिनने १९४५ ला विजयाच्या भाषणात ते बोलूनही दाखवलं.

१९४१ च्या एप्रिलमध्ये दोघांनी पाच वर्षांचा तटस्थतेचा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्ल हार्बरवर गेलेला जपानी ताफा कुठून निघाला माहितेय? एतोरोफूच्या हितोकाप्पू उपसागरातून. म्हणजे ही बेटं म्हणजे कोपऱ्यात पडलेले दगड नव्हेत, हे अमेरिकेला आणि रशियाला दोघांनाही तेव्हाच कळलं.

आता मुख्य मुद्दा, नीट बघा. फेब्रुवारी १९४५, दोस्त राष्ट्रांची याल्टाची परिषद. स्टालिनने जपानविरुद्ध युद्धात उतरायची किंमत सांगितली, रूझवेल्ट आणि चर्चिलने मान्य केली, गुप्त. त्या कागदात दोन ओळी आहेत. दक्षिण साखालीनबद्दल लिहिलंय की ते सोव्हिएत संघाला 'परत' केलं जाईल. कुरिलबद्दल लिहिलंय की ती सोव्हिएत संघाच्या 'हवाली' केली जातील. दोन क्रियापदं वेगळी आहेत आणि ती चुकून वेगळी नाहीत. साखालीन १९०५ ला लढून घेतलेलं होतं म्हणून परत, कुरिल जपानला १८७५ ला राजीखुशीने मिळालेली होती म्हणून ती परत करता येत नाहीत, नुसती देता येतात. रशियनमध्ये हे क्रियापद पेरेदात. हा शब्द लक्षात ठेवा, अकरा वर्षांनी तो उलट्या दिशेने येणार आहे.

५ एप्रिल १९४५ ला मॉस्कोने सांगितलं की तटस्थतेचा करार आम्ही वाढवणार नाही, म्हणजे तरी तो एप्रिल १९४६ पर्यंत जिवंत होता. ८ ऑगस्टला युद्ध पुकारलं. जपानने १५ ला शरणागती जाहीर केली, १८ ला उत्तरेला शुमशूवर सोव्हिएत सैन्य उतरलं आणि तिथे चांगलीच लढाई झाली. २८ ला एतोरोफूवर, आणि हाबोमाईचा ताबा तर ५ सप्टेंबरपर्यंत चालू, म्हणजे मिसुरी या अमेरिकी जहाजावर २ सप्टेंबरला शरणागतीच्या सह्या होऊन गेल्यावर. स्टालिनला होक्काइदोचा उत्तर अर्धाही हवा होता, ट्रुमनने नाही म्हटलं. या चार बेटांवर तेव्हा साधारण १७ हजार जपानी राहत होते, काही बोटीने रातोरात पळाले, उरलेल्यांना १९४९ पर्यंत काढून दिलं. शिवाय मांचुरिया वगैरे भागातून साधारण ६ लाख जपानी सैनिक सैबेरियात कामाला नेले, त्यातले ५५ हजारांच्या आसपास तिथेच मेले. जपानी म्हाताऱ्यांशी रशियाबद्दल बोललात की बेटांच्या आधी हे निघतं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर इथे रशियाची बाजू लंगडी आहे. करार जिवंत असताना हल्ला, शरणागतीनंतर ताबा, आणि याल्टाच्या ज्या कागदावर जपानची सहीच नाही त्याचा आधार. पण पुढच्या पानावर जपान लंगडा पडतो. १९५१ चा सॅन फ्रान्सिस्को तह, म्हणजे जपानचा दोस्त राष्ट्रांशी झालेला शांतता तह, त्यात जपानने स्वतः सही करून कुरिल बेटांवरचा हक्क सोडला. कोणासाठी सोडला ते तहात लिहिलेलंच नाही, आणि सोव्हिएत संघाने सही केली नाही, म्हणून जपान म्हणतो तुम्हाला या तहाचा फायदा घेता येणार नाही. (भारत या परिषदेला गेलाच नाही, नेहरूंनी १९५२ ला जपानशी वेगळा तह केला.) बरं, सोडलेल्या कुरिलमध्ये ही बेटं येतात की नाही? ऑक्टोबर १९५१ मध्ये जपानच्या संसदेत परराष्ट्र खात्याच्या तह विभागाचे प्रमुख निशिमुरा कुमाओ यांनी उत्तर दिलं की कुरिलमध्ये उत्तर आणि दक्षिण दोन्ही येतात, म्हणजे एतोरोफू-कुनाशिरीही आली, फक्त शिकोतान आणि हाबोमाई नाहीत. १९५६ मध्ये सरकारने हे फिरवलं. त्याआधी जपानी लोक सर्रास 'दक्षिण चिशिमा' म्हणायचे, चिशिमा म्हणजे कुरिल, मग साठच्या दशकात सरकारने तो शब्द वापरायचा नाही असं ठरवून 'होप्पो र्योदो', उत्तरी प्रदेश, हा शब्द रूढ केला. शब्द बदलला की जमीन कुरिलमधून बाहेर.

आता तुमचा खरा प्रश्न, दोन बेटं का नाही घेतली.

१९५५ ला लंडनमध्ये बोलणी सुरू झाली. सोव्हिएत नेता ख्रुश्चेवच्या मनात जपानला अमेरिकेपासून थोडं सुटं करायचं होतं, म्हणून सोव्हिएत दूत मलिकने दोन लहान बेटं द्यायची तयारी दाखवली. जपानी वाटाघाटी करणारे मात्सुमोतो मनातून खूश झाले होते, पण टोक्योतून नवीन आदेश आला की चारी मागा. त्याच वर्षी दोन पक्ष एकत्र येऊन लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष तयार होत होता आणि त्यातला एक गट चार बेटांवर अडून होता, घरातलं राजकारण. पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू मॉस्कोला गेले, हेच ते गृहस्थ ज्यांनी १९४५ ला लाकडी पायावर चालत जाऊन मिसुरीवर शरणागतीची सही केली होती, आणि त्यांनाही वाटलं की दोन घेऊन मोकळे होऊ. तिथून लंडनला गेले तर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलस भेटले आणि म्हणाले की तुम्ही कुरिल रशियाची मान्य केलीत तर आम्हीही ओकिनावा कायमचं ठेवू शकतो. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, १९७२ ला सुटलं. आता सांगा, जपानी मंत्री काय करणार. दोन दगडांसाठी अख्खं ओकिनावा घालवणार?

तर झालं असं की शांतता करार राहिला बाजूला आणि १९ ऑक्टोबर १९५६ ला जपानचे पंतप्रधान हातोयामा आणि सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी घोषणापत्रावर सह्या केल्या. जपानला संयुक्त राष्ट्रांत शिरायचं होतं आणि सोव्हिएत नकाराधिकार आड येत होता, सैबेरियातले उरलेले कैदी घरी आणायचे होते, मासेमारीचं बघायचं होतं. डिसेंबरमध्ये जपान संयुक्त राष्ट्रांत गेला. बेटांची गोष्ट नवव्या कलमात आहे, आणि ते मी शिकवणी घेतो तेव्हा पोरांना आवर्जून वाचायला देतो. त्यात लिहिलंय की सोव्हिएत संघ जपानच्या इच्छेला मान देऊन आणि जपानचं हित ध्यानात घेऊन हाबोमाई आणि शिकोतान जपानच्या 'हवाली' करायला तयार आहे, पण प्रत्यक्षात शांतता करार झाल्यावर. रशियनमध्ये तेच पेरेदात. जपानीत हिकिवातासु. जपानी फलकांवर असतो तो शब्द वेगळा, हेन्कान, म्हणजे परत करणं, तो या कागदात कुठेच नाही.

आपल्याकडचं उदाहरण देतो. भावाने बांध कोरून घेतलेली जमीन परत केली तर त्याने कबूल केलं की ती तुझीच होती. तीच जमीन त्याने बक्षीसपत्र करून दिली तर ती त्याची होती आणि मोठ्या मनाने दिली. रान तेवढंच, कागद वेगळा. जपानला पहिला कागद हवाय, रशिया फार तर दुसरा देईल, आणि दुसऱ्या कागदावर जपानने सही केली की उरलेल्या ९३ टक्क्यांवरचा हक्क आपोआप संपतो कारण तत्त्व मान्य झालं. म्हणून दोन बेटं घेऊन मोकळं होणं हे वाटतं तितकं मोकळं नाही.

तरीसुद्धा मला वाटतं १९५६ लाच ते उरकायला हवं होतं. नंतर भाव फक्त उतरतच गेला. १९६० ला जपान-अमेरिका सुरक्षा करार नव्याने झाल्यावर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिकोने कळवलं की जपानमधून परकी सैन्य गेल्याशिवाय ती दोन बेटंही नाहीत. पुढे तर सोव्हिएत बाजू सरळ म्हणायला लागली की प्रश्नच शिल्लक नाही. १९७३ ला जपानचे पंतप्रधान तानाका मॉस्कोला गेले तेव्हा निवेदनात युद्धापासून न सुटलेले 'प्रश्न' असा शब्द आला, अनेकवचनी. जपानीत नामाला एरवी वचन नसतं, ते दाखवायला पुढे 'शो' हा उपसर्ग लावावा लागतो, तो लावला गेला, म्हणजे एकट्या बेटांचा प्रश्न नाही, इतरही असतील अशी पळवाट राहिली. जपानी बाजू सांगते की त्यात चार बेटं येतात का असं तानाकांनी तोंडी विचारलं आणि सोव्हिएत प्रमुख ब्रेझनेव्हने मान हलवली. हललेल्या मानेचं भाषांतर कोण करणार, सोव्हिएत लोकांनी नंतर हात वर केले.

सोव्हिएत संघ मोडला तेव्हा आशा होती. १९९२ पासून बिनव्हिसा ये-जा सुरू झाली, जुने रहिवासी तिकडे आणि तिथले रशियन इकडे. का बिनव्हिसा? कारण जपानी माणसाने रशियन व्हिसा घेतला तर ते बेट रशियाचं मानल्यासारखं होतं, १९८९ पासून जपान सरकार आपल्या लोकांना तसं जाऊ नका असंच सांगतं. म्हणून पासपोर्टऐवजी वेगळा ओळखीचा कागद. १९९३ ला येल्त्सिन आले, टोक्यो घोषणापत्रात चारी बेटांची नावं लिहून मालकीचा प्रश्न सोडवू असं म्हटलं गेलं. १९९८ ला बेटांभोवती जपानी बोटींना मासेमारी करू द्यायचा करार झाला आणि त्यात कोणाचा कायदा चालेल हे मुद्दाम लिहिलंच नाही. भाषांतराच्या धंद्यात याला मी कसब म्हणतो. ते कसब सगळीकडे चाललं मात्र नाही, २००६ ला काइगाराजवळ रशियन गस्ती बोटीच्या गोळीने एक जपानी मच्छीमार गेलाच.

पुतिनना ज्युदो येतो त्यामुळे २०१२ ला त्यांनी 'हिकिवाके' शब्द टाकला, बरोबरीची कुस्ती. जपानी वर्तमानपत्रं महिनोन्महिने त्यावर चर्चा करत होती, दोन-दोन का, अर्धी-अर्धी का. बरोबरी म्हणजे किती ते ते कधीच बोलले नाहीत. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे शिंझो तर त्यांना २७ वेळा भेटले, वडिलांचंही हेच स्वप्न होतं. २०१६ ला आपल्या गावी नागातोला गरम पाण्याच्या झऱ्यावर बोलावलं, पाहुणे दोन तासांहून जास्त उशिरा आले, आणि जपानने द्यायला काढलेला दुसरा आकिता कुत्राही नको म्हणाले. मग बेटांवर मिळून धंदे करायचं ठरलं, पाच प्रकल्प निघाले, मत्स्यशेती, काचघरातली स्ट्रॉबेरी, पर्यटन, पवनचक्क्या आणि कचरा कमी करणं. अडलं कुठे, तर स्ट्रॉबेरीवर कर कोणाला भरायचा, मजूर पडला-झडला तर पोलीस कोणाचे. कुठल्याही एका देशाचं नाव लिहिलं की मालकी मान्य झाली. एक प्रायोगिक सहल तेवढी गेली २०१९ ला.

नोव्हेंबर २०१८ ला सिंगापूरमध्ये ठरलं की १९५६ च्या घोषणापत्राच्या आधारे बोलणी पुढे न्यायची. आबेंनी तोंडाने म्हटलं नाही, पण चारवरून दोनवर आले, ते सगळ्यांना कळलं. आणि दुसऱ्याच दिवशी पुतिन म्हणाले की त्या घोषणापत्रात दोन बेटं हवाली करायचं लिहिलंय, पण कोणत्या अटींवर आणि कोणाच्या सार्वभौमत्वाखाली ते लिहिलेलं नाही. बासष्ट वर्षांनी पेरेदातचा कीस! ताबा देईन, मालकी दिली असं कुठे म्हटलंय. मी ते वाचून खुर्चीत सरळ बसलो होतो. त्यानंतर रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले की आधी महायुद्धाचे निकाल मान्य करा आणि उत्तरी प्रदेश हा शब्द सोडा. आणि जपाननेही रशियाची मर्जी राखायला २०१९ च्या परराष्ट्र अहवालातून बेटं आमची हे वाक्य गाळलं. मिळालं काय तर २०२० ची रशियन घटनादुरुस्ती, देशाची जमीन दुसऱ्याला द्यायला मनाई, त्याचं कुनाशिरवर स्मारकसुद्धा उभं केलं. तरी त्यात शेजाऱ्याशी सरहद्द आखण्याला अपवाद ठेवलाय, तेवढी एक फट.

२०२२ ला युक्रेन झालं, जपानने निर्बंध लावले, मार्चमध्ये रशियाने शांतता कराराची बोलणी थांबवली, सप्टेंबरमध्ये बिनव्हिसा ये-जाचे करार मोडले, व्लादिवोस्तोकमधल्या जपानी वाणिज्यदूताला पकडून बाहेर काढलं. जपानच्या अहवालात बेकायदेशीर ताबा हा शब्द २००३ नंतर पहिल्यांदा परत आला. रशियाने ३ सप्टेंबरच्या दिवसाला २०२३ मध्ये लष्करशाही जपानवरील विजयदिन असं नाव दिलं. बघा, इतक्या वर्षांत जमीन इंचभर सरकली नाही, सगळी हालचाल शब्दांची.

नुसते शब्दच आहेत असं मात्र नाही, ते म्हणालो तर फसवल्यासारखं होईल. ओखोत्स्कचा समुद्र हा रशियाच्या अणुपाणबुड्यांचा लपायचा अड्डा आहे आणि तिथून पॅसिफिकमध्ये यायच्या खोल सामुद्रधुन्या याच बेटांच्या बाजूने जातात. २०१६ ला इतुरुपवर बास्तियन आणि कुनाशिरवर बाल क्षेपणास्त्रं बसवली. उद्या बेट जपानला दिलं आणि तिथे अमेरिकन तळ आला तर, ही रशियाची भीती खोटी नाही, आणि येणार नाही असं लिहून द्यायला जपान एकटा मालक नाही, सुरक्षा करार अमेरिकेशी आहे. डलसचं भूत अजून टेबलावर बसलेलंच आहे.

आणि इतकं होऊनही साखालीन-२ या गॅस प्रकल्पातून मित्सुई १२.५ टक्के आणि मित्सुबिशी १० टक्के बाहेर पडले नाहीत, जपानच्या एलएनजी म्हणजे द्रवरूप गॅसच्या आयातीतला साधारण ९ टक्के गॅस तिथून येतो. शेजारच्या साखालीन-१ मध्ये जपानी कंपनीचे ३० टक्के आणि आपल्या ओएनजीसी विदेशचे २०. या फाइली माझ्याकडे आल्या की मी बघतो, त्यात बेटांचा ब्रही नसतो.

बेटांवरून हाकललेल्यांपैकी आज एक तृतीयांशही हयात नाहीत, आहेत त्यांचं सरासरी वय पंच्याऐंशीच्या पुढे, आईबापांच्या थडग्यांना जाता येत नाही म्हणून जहाजातून लांबूनच हात जोडून येतात. नेमुरोत मला एक आजोबा भेटले होते, ते शिकोतानला जन्मलेले, बिनव्हिसा फेरीत एकदा जाऊन आलेले. मी आगाऊपणे विचारलं की दोन मिळाली तर चालतील का, तर म्हणाले माझं गाव त्या दोनात आहे, शेजाऱ्याचं एतोरोफूला आहे, मी हो कसं म्हणू.

हाबोमाईभोवतीच्या समुद्रात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ होतं, जपानी रश्शाला चव येते ती त्याची. १९६३ मध्ये जपानच्या मासेमारी संघटनेने सोव्हिएत बाजूशी करार केला, सरकारांनी नाही, संघटनेने, की नेमुरोच्या छोट्या बोटींनी काइगाराला जाऊन पैसे भरून कोंबू काढायचं. २०२२ च्या जूनमध्ये दुसरे करार मोडत होते तेव्हाही हा झाला आणि बोटी गेल्या. स्वतःचं म्हणतो त्या समुद्रात शेवाळ काढायला जपानी माणूस जे पैसे भरतो त्याला भाडं म्हणायचं नाही, कर म्हणायचा नाही, जपानी कागदात त्याला नुसतं काढणीचं शुल्क म्हणतात.